बिळातली फुंकरमावशी

पडदा वर जातो तेव्हा प्रेक्षक नटांकडे बघतात आणि नट प्रेक्षकांकडे. या दोघांच्या मधोमध, रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला, लाकडाचं एक अर्धगोल झाकण असतं, पालथ्या टोपलीएवढं. त्याच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. त्या झाकणाखाली एक खड्डा, खड्ड्यात एक स्टूल, मिणमिणता दिवा, तिरप्या फळीवर उघडी ठेवलेली नाटकाची प्रत, आणि स्टुलावर एक बाई. तोंड रंगमंचाकडे, पाठ प्रेक्षकांकडे. थिएटरातली माणसं त्या खड्ड्याला बीळ म्हणत आणि त्या बाईला फुंकरमावशी.

काम प्रॉम्प्टरचं. सांगायला एवढंच, की नट वाक्य विसरला की ते त्याला खालून पुरवायचं. पण पुरवायचं असं, की नटाला ते स्वच्छ ऐकू जावं आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला वाटावं, कुणीतरी कागद चुरगाळला. या धंद्यात नाव झालं म्हणजे काम बिघडलं असं समजतात. त्यामुळे मावशीच्या वाट्याला कधी टाळी आली नाही. तिला त्याचं काही वाटतही नसे. "टाळी सगळ्यांआधी माझ्याच डोक्यावर पडते की," ती म्हणायची, "वर पोचते ती उरलीसुरली."

मावशी थिएटरात पहिल्यांदा आली ती कपडेपटात, बटणं लावायला आणि उसवलेलं शिवायला. तेव्हा ती कुणाची मावशीबिवशी नव्हती. दोन वेण्यांची बोलकी पोरगी होती. बिळात तेव्हा एक वृद्ध गृहस्थ बसत. त्यांचे पुढचे दात पडले आणि त्यांच्या 'स'ला शिट्टी येऊ लागली. एका करुण प्रसंगात नायक मरायला टेकलेला, त्याला वाक्य आठवेना. खालून आलं ते शिट्टीसकट, आणि घाबरलेल्या नायकाने ते शिट्टीसकटच म्हटलं. त्या मरणाला जेवढा हशा झाला तेवढा कुठल्या विनोदी नाटकालाही कधी झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी मॅनेजर कपाळाला हात लावून नवा माणूस शोधत हिंडत होते. कपडेपटाच्या मुख्य बाई वैतागून म्हणाल्या, "आमची ही घेऊन जा! दिवसभर कुजबुजत असते. आणि जिच्या कानाशी लागते तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाला अक्षर ऐकू येत नाही. मी किती कान देऊन बघितलं!"

अशी ती तक्रारीच्या जोरावर बिळात गेली.

त्याच हंगामात आणखी एक मुलगी आली. तिला काम होतं तबक घेऊन यायचं आणि "पाहुणे आलेत" एवढंच म्हणायचं. पहिल्याच प्रयोगाला ती तबक घेऊन आली आणि तिला पाहुणे काही आठवेनात. बिळातून हलकेच "पा..." आलं. पाहुणे आले, नाटक पुढे गेलं. ही तबकवाली पुढे थिएटरची मोठी नटी झाली. लहानथोर सगळे तिला बाईसाहेब म्हणू लागले. मावशी चारचौघांत तिला 'बाई' म्हणायची आणि दोघीच असल्या की 'अगं'. बाईसाहेब मात्र कुणासमोरही तिला 'ए बिळातले' अशीच हाक मारायच्या.

बिळात बसणाऱ्याला शिकावी लागते ती गोष्ट वेगळीच असते. नट गप्प झाला म्हणजे तो विसरलाच, असं नसतं. कधी तो मुद्दाम थांबलेला असतो. सगळं थिएटर मुठीत धरून उभा असतो. अशा वेळी खालून वाक्य गेलं, तर त्यासारखा गुन्हा नाही. मावशीच्या हातून तो पहिल्याच वर्षी घडला. राजाचं काम करणारे भारदस्त नट मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकून स्तब्ध उभे राहिले आणि या पोरीने भाबडेपणाने पुढचं वाक्य दिलं. राजेसाहेब बिळाकडे वळून गरजले, "ठाऊक आहे मला!" प्रेक्षक खो खो हसले. राजेसाहेब पुढे हंगामभर तिच्याशी बोलले नाहीत. बोलले ते थेट शेवटच्या प्रयोगाला, खरोखरच वाक्य विसरले तेव्हा. झाकणाकडे अगदी काकुळतीने बघून दबक्या आवाजात म्हणाले, "आता नाही ठाऊक."

तेव्हापासून मावशी प्रतीकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघू लागली. तिच्या लक्षात आलं, की थांबलेला नट श्वास घेत असतो, आणि विसरलेला नट श्वास घ्यायचंही विसरतो. शिवाय प्रत्येकाचं एक चुगलखोर बोट असतं. कुणी अंगठी फिरवतो, कुणी कानाची पाळी ओढतो. बाईसाहेबांचा उजवा अंगठा कापडाची कड चोळू लागायचा. पदर असो, शाल असो, मेजपोस असो. तो अंगठा हलला की मावशीने शब्द तोंडाशी आणलाच. आणि बाईंच्या मोठ्या भाषणाआधी तर ती खाली बसून त्यांच्याबरोबर श्वास भरून घ्यायची, जणू उडी दोघींनी मिळून मारायची आहे. हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. तिचा नवरा त्याच थिएटरात सुतार होता. बिळावरचं झाकण त्याच्याच हातचं. एकदा तो झाकणाची खुंटी बघायला विंगेत थांबला आणि प्रयोगानंतर म्हणाला, "अगं, तू नाटक सांगतेस की पोहायला जातेस?"

आता हे फुंकर काय प्रकरण ते सांगायला हवं. दर हंगामात एखाददुसरी परदेशी मंडळी पाहुणी म्हणून त्या थिएटरात यायची, आणि त्यांचा प्रॉम्प्टर मावशीच्या बिळात बसायचा. एकदा फ्रेंच मंडळींबरोबर एक उंच, काटकुळी बाई आली. मावशीने तिला बिळाचे सगळे बारकावे दाखवले: फळी कुठे करकरते, दिवा कुठे डोळ्यावर येतो. मग दुभाष्याला मध्ये घालून विचारलं, "तुमच्याकडे आपल्या कामाला काय म्हणतात हो?"

"सुफ्लर," दुभाष्या म्हणाला, "बाई असली की सुफ्लझ. म्हणजे... फुंकणारी."

"काय फुंकणारी?"

दुभाष्याने विचारून घेतलं. काटकुळ्या बाईने ओठांचा चंबू केला आणि मावशीच्या गालावर हळूच फुंकर मारली. भोवतीच्या नटांनी हसून थिएटर डोक्यावर घेतलं, आणि मावशीला नाव पडलं ते कायमचं.

पण मावशीला त्यातून एक नादच लागला. कुठलाही परदेशी प्रॉम्प्टर आला की दिवा दाखवायच्या आधी ती विचारायची, "तुमच्याकडे काय म्हणतात?" स्पेनच्या प्रॉम्प्टरने एक डोळा मिटून बोट रोखलं: आपुंतादोर, म्हणजे नेम धरणारा. त्यांच्याकडे तोफेचा नेम धरणाऱ्यालाही तेच म्हणतात. एक गोलमटोल इटालियन होता, तो म्हणाला सुजेरितोरे, सुचवणारा. पोर्तुगीज बाई म्हणाली पोंतु, म्हणजे नुसता ठिपका. पण त्याच शब्दाचा अर्थ शिवणातला टाकाही होतो. हे ऐकून मावशी खूश झाली. "हे मला पटलं! उसवलं की टाका घालायचा. म्हणजे कपडेपट सोडून मी कुठे गेलेच नाही म्हणा ना."

मावशीची मुलगी कॉलेजात भाषा शिकवायची. सुट्टीच्या दिवशी आईकडे जेवायला यायची आणि येताना दुसरी कुणी फळं आणील तसे शब्द आणायची. स्पॅनिश नेम आणि पोर्तुगीज टाका हे दोन्ही लॅटिनमधल्या टोचण्याच्या एकाच शब्दातून निघालेत, हे तिनेच सांगितलं. तेव्हा तिचे वडील म्हणाले होते, "तरीच हिचं बोलणं असं टोचतं!"

असा सगळा सुखाचा कारभार चालला होता. मग एका वर्षी बाईसाहेब आजारी पडल्या. डोक्यात रक्ताची एक बारीक गाठ अडकली होती. ती विरघळली, हातपाय सुटले, चेहरा सरळ झाला, बोलणं पहिल्यासारखं स्पष्ट झालं. एक गोष्ट मात्र राहिली. कधी कधी एखादा शब्द जिभेपर्यंत यायचा आणि उंबऱ्यातच बसून राहायचा. आत जायचा नाही, बाहेर यायचा नाही.

वर्षभराने नवं नाटक बसायला घेतलं. गोष्ट एका म्हाताऱ्या आईची होती. तरुणपणी भांडून घर सोडून गेलेला तिचा मुलगा कितीतरी वर्षांनी परत येतो, एवढीच. दिग्दर्शक तरुण होता, हुशार होता, आणि मनाने वाईट नव्हता. त्याने आईचं काम बाईसाहेबांना दिलं आणि वेळ पडली तर म्हणून तेच काम बसवून घेऊन दुसरी एक नटीही तयार ठेवली. तिला सगळे धाकटी म्हणत. तालमीत बाई मधूनमधून अडकायच्या, मावशी शब्द द्यायची, गाडी पुढे जायची. पहिला प्रयोग तोंडावर आला तेव्हा दिग्दर्शकाने मावशीला बाजूला घेतलं.

"मावशी, स्पष्ट बोलतो. राग मानू नका."

"राग मानायला मला बिळात जागा कुठे आहे? बोला."

"मला हे काम बाईसाहेबांनीच करायला हवंय. पण हंगामभर रोज धाकधूक नको. मी त्यांना म्हटलं, कानात बारीक यंत्र बसवू, त्यातून वाक्यं ऐकू येतील. तर मला म्हणाल्या, 'कानात यंत्र बसवायला मी काय टेलिफोन आहे?'"

मावशीला हसू आलं. दिग्दर्शक हसला नाही.

"मग आमचं असं ठरलंय. पहिल्या प्रयोगाला मी दुसऱ्या रांगेत बसणार. तिथे तुमचा आवाज एकदा जरी आला, तरी दुसऱ्या प्रयोगापासून धाकटी उभी राहील. बाईंनी हे कबूल केलंय."

"आणि मी वाक्य दिलंच नाही, आणि त्या अडकल्या तर?"

"मग ते सगळ्या थिएटरलाच दिसेल," तो हळूच म्हणाला.

मावशी तडक रंगपटात गेली. बाईसाहेब आरशासमोर बसून केसांना पांढरा रंग लावून बघत होत्या. खरं तर त्याची आता गरज उरली नव्हती.

"अगं, हे काय कबूल करून बसलीस?"

"ए बिळातले, दार लाव आधी." मावशीने दार लावलं. "तुझ्याकडे एक मागायचंय. त्या दिवशी मला वाक्य द्यायचं नाही. काहीही झालं तरी."

"आणि तू तशीच उभी राहिलीस तर?"

"राहीन. लोक खांब समजतील."

"चेष्टा नको."

"चेष्टा कोण करतंय?" बाईंनी ब्रश खाली ठेवला. "घरी मला सगळे वाक्यं पुरवतात गं. सून पुरवते, नातू पुरवतो. मी 'च' म्हणायच्या आत चहाचा कप पुढे येतो. मला चमचा हवा असतो, पण तेही म्हणू देत नाहीत. सगळी चांगली माणसं आहेत, म्हणून तर बोलता येत नाही. आता एवढी एकच जागा उरलीय, जिथे माझं मी बोलते. तिथे तू मला वाक्य दिलंस, तर ती जागा गेली. अडकले तर अडकू दे. कदाचित माझं मला सापडेल."

त्यांनी मावशीचा हात धरला आणि तो सोडेनात. शेवटी मावशीने मान हलवली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मुलगी जेवायला आली. मावशी ताटातला घास चिवडत बसली होती. नवरा म्हणाला, "दोन दिवस हिने तोंड उघडलेलं नाही. मला घर अगदी मोठं वाटायला लागलंय."

मुलीने पिशवीतून एक चिठ्ठी काढली. "आई, तुझ्या त्या सुफ्लरची सगळी वंशावळ काढून आणलीय. ऐक तरी. मूळ लॅटिनमध्ये आहे, खालून फुंकणं. 'खालून' बरं का! इटालियन सुजेरितोरेतही तेच 'खालून' आहे. खालून आणून देणं."

"म्हणजे त्यांना आमचं बीळ आधीच ठाऊक होतं," वडील म्हणाले.

"बीळ नंतरचं, बाबा. शब्द आधीचा. आणि फ्रेंचमध्ये हा नुसता नाटकातला शब्द नाहीच. नळीतून फुंकून काचेची भांडी करतात तो कारागीर, तोही सुफ्लर. मोठ्या ऑर्गनला हवा पुरवायला जो माणूस मागे भाता ओढत बसायचा, तोही. पूर्वी लोखंडाचं सोनं करायच्या नादात भट्टी फुंकत बसणारे असत ना, त्यांनाही चिडवायला हेच म्हणायचे. आणि समुद्रातून वर येऊन फवारा सोडणारे देवमाशाच्या जातीचे प्राणी असतात, तेही सुफ्लर!"

सुताराने भाताचा चमचा खाली ठेवला. "इतकी वर्षं मी देवमाशाबरोबर संसार केला आणि मला कुणी सांगितलं नाही?"

मावशीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. मुलीला जोर आला.

"जर्मनांनी हा शब्द फ्रेंचांकडून उचलला, पण त्यांनी काच, भाता, मासा सगळं तिथेच सोडलं आणि फक्त नाटकातला माणूस नेला. रशियनांनीही नेला. पण तिकडे पुढे इंजिनाच्या आत कोंडलेली हवा बाहेर सोडायची नळी असते, तिलाही तेच म्हणू लागले."

"आणि आपण म्हणतो तो प्रॉम्प्टर?"

"तो इंग्रजी. त्याचं लॅटिन मूळ निराळं. कोठीत ठेवलेला जिन्नस बाहेर काढून पुढे ठेवणं."

"हं." मावशीने ताट बाजूला केलं. "हे कोठीचं समजतं मला. नेम धरणं समजतं, टाका समजतो. पण फुंकण्याचं मला कधी समजलंच नाही बघ. फुंकून काय पोचतं माणसापर्यंत? फुंकलं की दिवा विझतो."

मुलगी उत्तर शोधू लागली. वडिलांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "फुंकलं की भुसा उडतो. मी फळीवर पेन्सिलीने रेघ मारतो. करवत चालवली की ती भुशाखाली जाते. मग मी काय नवी रेघ मारत बसतो? फुंकर मारतो. रेघ असतेच."

एवढं बोलून त्यांनी आणखी भात वाढून घेतला. विषय तिथेच राहिला.

पहिल्या प्रयोगाला थिएटर गच्च भरलं होतं. मावशी नेहमीप्रमाणे आधीच बिळात उतरून बसली. पाठीमागे दुसऱ्या रांगेत दिग्दर्शक होता. तो तिला दिसत नव्हता, पण पाठीवर कुणी हात ठेवावा तसा जाणवत होता. उजवीकडच्या विंगेत धाकटी उभी होती, आईचाच पोशाख अंगावर चढवून. कधी गरज पडेल सांगता येत नाही म्हणून तिला तसं सांगितलेलं होतं. बिचारी नखं खात होती.

पहिला अंक लोण्यातून सुरी जावी तसा गेला. बाईसाहेब चालल्या, हसल्या, शेजारणीशी भांडल्या. त्यांचा अंगठा स्वस्थ होता. दुसऱ्या अंकात तो प्रसंग आला. बाहेर वादळ आहे. दार उघडतं आणि दारात मुलगा उभा राहतो. तो आत येत नाही. म्हणतो, "आई, मला ओळखलंस ना?" त्यावर आईने रडायचं नाही, मिठी मारायची नाही. तिचं वाक्य आहे: "दार लावून घे. वारा येतोय." बस्स, एवढंच. तेवढ्यानेच मुलाला कळतं की आपल्याला घरात घेतलं.

तालमीत हे उत्तर लगेच यायचं, चेंडू भिंतीवर आपटून परत यावा तसं.

"आई, मला ओळखलंस ना?" मुलगा म्हणाला.

बाईसाहेब गप्प.

मावशीने वर बघितलं. बाईंची नजर मुलावर होती, मान ताठ होती. थांबल्या असतील, तिने मनाला समजावलं. नवीन काही सुचलं असेल. मग तिची नजर खाली शालीवर गेली. उजवा अंगठा शालीची कड चोळत होता. आणि छाती हलत नव्हती.

दारातला नट वरून राकट पण आतून लोणी होता. त्याच्या ओठांवर घाम दिसू लागला. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. लोकांना अजून कळलं नव्हतं. पण एक वेळ अशी येते, की तिच्यानंतर लोकांना कळतं. मग कुजबूज सुरू होते, मग कुणीतरी हसतं. ती वेळ किती जवळ आली आहे हे त्या थिएटरात मावशीइतकं कुणालाच कळत नसेल.

द्यायचं नाही, असं कबूल केलं होतं. दिलं तर उद्या धाकटी उभी राहणार आणि बाई घरी बसणार, न मागता आलेला चहा पीत. कदाचित जन्मभर आपल्याशी बोलणारही नाहीत. पण आपली तबकवाली भरल्या थिएटरात खांब होऊन उभी आहे आणि लोक हसताहेत, हे मावशीच्याने बघवलं नसतं. रुसली तर रुसू दे. मावशीने ठरवलं, वाक्य द्यायचं. जीभ दातांमागे नेली, 'दा'साठी. आणि पोटापासून खोल श्वास भरून घेतला, आजवर बाईंबरोबर घेत आली तसा.

शालीवरचा अंगठा थांबला.

वर बाईंचे खांदे किंचित उचलले गेले, छाती भरली, आणि त्या मुलाकडे बघत अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "दार लावून घे. वारा येतोय."

मुलाने दार लावलं. लावता लावता तो खरोखरीच रडत होता. थिएटरात क्षणभर काहीच झालं नाही. मग मागे कुठेतरी कुणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं, आणि त्या आवाजाने लाज सोडल्यासारखे सगळे रुमाल शोधू लागले. मावशी मात्र अजून 'दा' तोंडात धरून बसली होती. भरलेला श्वास सोडायचं तिला भानच राहिलं नव्हतं.

प्रयोग संपल्यावर गर्दी इतकी झाली की दोघींची भेटच झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे रंगमंचावर जमले. सुतार एका बाजूला ते वादळाचं दार ठाकठीक करत होता. दिग्दर्शक आला तो हात पसरूनच.

"बाईसाहेब! ती जागा! तो विराम! तालमीत एकदाही दाखवला नाहीत!"

बाईंच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "काही गोष्टी तालमीत उधळायच्या नसतात."

"माझ्या छातीत धडधडायला लागलं होतं, खरं सांगतो. क्षणभर वाटलं की..." त्याने ते वाक्य सोडून दिलं. "ते जाऊ दे. काम तुमचंच. हंगामभर. फक्त तो विराम रोज हवा. तेवढाच. मावशी, तुमच्या प्रतीत खूण करून ठेवा. आणि मावशी, एक शब्दही ऐकू आला नाही हं तुमचा. शाब्बास."

"मी बोललेच नाही, तर ऐकू कुठून येणार?" मावशी म्हणाली.

धाकटी धावत येऊन बाईंना बिलगली. "मी विंगेत उभी राहून सारखी म्हणत होते, मला जावं लागू नये, मला जावं लागू नये!"

"एवढं मनापासून म्हणू नये गं," बाई तिच्या पाठीवर थोपटत म्हणाल्या. "एक दिवस जायचंच आहे तुला."

सगळे पांगले. दोघी रंगमंचाच्या कडेला राहिल्या, बाई वर खुर्चीत आणि मावशी बिळात कंबरेइतकी उतरलेली, पेन्सील हातात.

"ए बिळातले."

"काय?"

"देणार होतीस ना?"

मावशीने प्रतीवरची धूळ झटकली. "हो."

"मान हलवली होतीस तू. हातात हात होता आपला."

"हलवली होती. माझी मान, मी हलवली. तुला तशी उभी बघवली नाही मला. आता काय रागवायचं ते रागव."

बाई रागावल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाक्य सापडत नव्हतं. अगदी काही नव्हतं तिथे. घाबरून तुला मनात शिव्या देत होते, देत का नाही ही बया म्हणून."

"अगं, तूच म्हणालीस ना, काहीही झालं तरी..."

"म्हटलं होतं. मी कायकाय म्हणते!" त्यांनी डोळे पुसले. "आणि मग तू खाली श्वास घेतलास. मला वाटलं, मीच घेतला. मला वाटलं, आता मी बोलणार आहे. म्हणून बोलले. शब्द तू नाही दिलास. तो होताच कुठेतरी."

दार ठोकणारा हातोडा थांबला. सुताराने दाराच्या फळीवर जोरात फुंकर मारली आणि भुसा उडाला. त्याने इकडे बघितलंही नाही.

"हे मात्र अवघड झालं," बाई पुढे म्हणाल्या. "त्याला तो विराम रोज हवाय. म्हणजे आता कसं विसरायचं, ते मला पाठ करावं लागणार."

दोघी इतक्या हसल्या की मावशीला बिळाची कड धरावी लागली.

दुसऱ्या प्रयोगाला दार उघडलं, वारा आला, मुलगा दारात उभा राहिला. "आई, मला ओळखलंस ना?"

बाईसाहेब गप्प झाल्या. मावशीने वर बघितलं. अंगठा स्वस्थ होता, छाती संथ वरखाली होत होती. प्रतीत केलेल्या खुणेपाशी मावशीने खोल श्वास घेतला, वरच्या माणसाला नीट ऐकू जाईल असा.

बाई बोलल्या नाहीत.

मावशी थांबली. अजून नाही. दारातला नट ओठांवर जीभ फिरवू लागला. मावशीची जीभ आपोआप दातांमागे गेली, 'दा' अगदी ओठांवर आला. तेवढ्यात बाईसाहेबांनी मुलावरची नजर क्षणभर खाली, लाकडी झाकणाकडे वळवली. प्रेक्षकांना वाटलं, म्हातारी जमिनीकडे बघतेय. मावशीला मात्र त्या नजरेतली तबकवाली पोरगी दिसली, डोळे मिचकावणारी.

मग बाईंनी सावकाश मान वर केली.

"दार लावून घे," त्या म्हणाल्या. "वारा येतोय."